फीडरजवळ लहान पक्ष्यांचे हिवाळी फोटो : चिकडी, जंको, कार्डिनल वगैरे (न्यू जर्सी आणि आसपास)

रानजाई

पहिला बर्फ पडला की परसातल्या फीडरवर (पक्ष्यांसाठी दाणे भरून टांगलेल्या भांड्यावर) झुंबड उडते आणि कॅमेरे बाहेर निघतात. फोटो मात्र बहुतेकदा एकाच छापाचे येतात : प्लॅस्टिकची नळी, तिच्या भोकाशी डोकं खुपसलेला पक्षी, मागे शेजाऱ्याचं कुंपण. हे टाळण्यासाठी महागडी लेन्स लागत नाही, मांडणी लागते. मांडणीबद्दलच हा धागा. ज्यांना जे ठाऊक आहे ते त्यांनी नेमकेपणाने लिहावं.

सुरुवात पक्ष्याच्या सवयीपासून करू. चिकडी (उत्तर जर्सीत ब्लॅक-कॅप्ड, दक्षिणेत कॅरोलिना) आणि टफ्टेड टिटमाउस फीडरवर बसून खात नाहीत. एक बी उचलायची, जवळच्या फांदीवर जायचं, पायांत धरून चोचीने ठोकून फोडायची, पुन्हा यायचं. येतानाही थेट फीडरवर न येता आधी कुठेतरी टेकतात आणि आजूबाजूचा अंदाज घेतात. हे टेकणं सेकंद-दोन सेकंदांचं. ती टेकायची जागा आपण द्यायची आणि फोटो तिथेच काढायचा. फीडर चौकटीबाहेर राहतो.

फीडरच्या खांबाला क्लॅम्पने किंवा झिपटायने एक फांदी बांधा. फीडरपासून दीड ते दोन फूट बाजूला आणि फीडरच्या भोकांपेक्षा थोडी वर. चिकडीला करंगळीएवढी जाड पुरते, कार्डिनलला अंगठ्याएवढी हवी. जाड ओंडक्यावर बसवलेली चिकडी फोटोत हरवल्यासारखी दिसते. दगडफुलाचा थर चढलेली फांदी किंवा सुकलेली फळं तशीच लटकलेली क्रॅबॲपलची डहाळी उत्तम. आसपास टेकायला दुसऱ्या सोयीच्या जागा असतील, उदाहरणार्थ फीडरचाच आकडा किंवा कपड्यांची दोरी, तर त्या काढून टाका. नाहीतर सगळे तिथेच टेकतील.

फांदीच्या दिशेकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पक्षी फांदीला साधारण काटकोनात बसतो. फांदी चौकटीत डावीकडून उजवीकडे आडवी लावली तर पक्षी एकतर समोर तोंड करतो नाहीतर शेपूट दाखवतो. तीच फांदी कॅमेऱ्याच्या दिशेने ४५ अंशांत वळवली की बाजूने दिसणारा, मान किंचित आपल्याकडे वळवलेला पक्षी मिळायला लागतो.

मागची पार्श्वभूमी फांदीपासून किमान २० फूट लांब असू द्या, ३० मिळाली तर आणखी चांगलं. पानगळीनंतर मागे नुसत्या उघड्या बुंध्यांचे उभे पट्टे येतात आणि धूसर झाले तरी डोळ्यांत खुपतात. स्प्रूस किंवा आर्बरव्हिटेची (हिवाळ्यातही हिरवी राहणारी झाडं) हिरवी भिंत मागे येईल असा कोन शोधा. त्यासाठी कॅमेरा फूटभर सरकवला तरी पुरतं.

गणिती कवडा

छान धागा. अंतराचं गणित जोडतो, कारण "किती एमएम लागेल" (लेन्सची फोकल लांबी; जितकी जास्त तितका पक्षी जवळ दिसतो) हा प्रश्न येणारच.

फुल फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० एमएम लेन्सने ४ मीटरवर साधारण ३६ सेंटीमीटर रुंदीचा भाग चौकटीत येतो. चिकडीची लांबी १२ ते १५ सेंटीमीटर, म्हणजे चौकटीचा तिसरा हिस्सा भरतो. फांदी आणि मोकळी जागा धरून हे प्रमाण चांगलं दिसतं. १.५ क्रॉप (दीडपट लहान) सेन्सरवर तीच चौकट २४ सेंटीमीटरची होते. म्हणजे क्रॉप कॅमेऱ्यावर ३०० एमएम असलं तरी ४ मीटरवर काम भागतं. ६०० एमएमचा हट्ट धरण्यापेक्षा खांब दोन मीटर जवळ आणा.

मात्र लेन्सचं किमान फोकस अंतर आधी बघा. सिग्मा १५०-६०० कंटेंपररीचं २.८ मीटर आहे, टॅमरॉन १५०-६०० जी२ चं २.२, सोनी २००-६०० चं २.४. फांदी त्याच्या आत आली तर कॅमेरा नुसता घुरघुरत राहतो.

दुसरी गोष्ट डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे पुढे-मागे किती भाग धारदार येतो त्याची. ४०० एमएम, एफ/५.६ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), ४ मीटर, फुल फ्रेम : जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. एफ/८ ला पावणेपाचच्या आसपास. डोळा आणि खांदा धारदार येतो, तिरपा बसलेला असेल तर शेपूट जाते. त्यामुळे डोळ्यावर फोकस, एफ/६.३ ते एफ/८, आणि पार्श्वभूमी मुळातच लांब ठेवली असेल तर एफ/८ लाही ती विरघळते. रानजाईंनी सांगितलेले २०-३० फूट इथे कामाला येतात.

तिसरा मजला

घरातून, उघड्या खिडकीतून काढलेले फोटो सगळेच मऊ का येतात? ट्रायपॉड आहे, शटर १/१६०० सेकंद, फोकस डोळ्यावर. तरी पिसं लोण्यासारखी दिसतात. अंगणात उतरून काढलेले चांगले येतात. लेन्समध्ये दोष आहे का?

उत्तरवारा

@तिसरा मजला, लेन्स ठीक आहे. दोष हवेचा आहे. खोलीत २० अंश आणि बाहेर उणे ५ असताना खिडकी उघडली की गरम हवा वरच्या भागातून बाहेर पडते, थंड हवा खालून आत शिरते आणि नेमकी लेन्सच्या तोंडाशी त्यांची घुसळण होते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसणारी लहर असते ना, तीच इथे फूटभर अंतरात. शटर कितीही वाढवा, ती पुसली जात नाही, कारण हात हलत नसून प्रकाशच वाकतोय.

खात्री करायची असेल तर फांदीवर एक छापील कागद टाचा आणि लाइव्ह व्ह्यूत (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) मोठा करून बघा. अक्षरं डुलताना दिसली तर कारण सापडलं.

उपाय असा. त्या खोलीचं हीटिंग बंद करा, दार लावून घ्या, दाराखालची फट टॉवेलने बुजवा आणि खिडकी अर्धा तास आधी उघडून खोली थंड होऊ द्या. लेन्सचं तोंड चौकटीच्या बाहेर काढा. अंगात जॅकेट घालूनच बसावं लागतं. खिडकीखाली रेडिएटर किंवा हवेची जाळी असेल तर ती खिडकीच सोडा.

घरातून नुकतीच बाहेर काढलेली लेन्सही हाच त्रास देते. तिच्या हूडमध्ये (तोंडावरच्या नळीसारख्या आडोशात) गरम हवा साचते. पहिली वीस-तीस मिनिटं हूड काढून ठेवा, लेन्स थंड झाली की लावा. ऊन लागलेलं गाडीचं बॉनेट किंवा डेकचं छप्पर मधल्या रेषेत येत असेल तरी फोटो मऊ येतो.

बंद काचेतून काढायचं असेल तर लेन्स काचेला अगदी काटकोनात आणि रबरी हूड काचेला टेकवून. तिरपं धरलं की दुहेरी काचेमुळे डोळ्याच्या कडेला दुसरी फिकट कड येते. काचेच्या लेपामुळे हिरवट झाक आली तर व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) बर्फावर बेतून घ्या.

तिसरा मजला

कागदाची अक्षरं स्पष्ट डुलत होती. खोली थंड केल्यावर थांबली. मनापासून आभार.

रानजाई

+१. हे मूळ धाग्यातच यायला हवं होतं.

आता उजेडाचं. ४० अंश अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साडेसव्वीस अंशच वर असतो. त्यामुळे भारतात उन्हाळ्यात दुपारी कॅमेरा उचलून ठेवतात तसं इथे हिवाळ्यात करावं लागत नाही. खाली बर्फ असला तर तो पोटाखालच्या सावल्या उजळतो. चिकडीसाठी याला फार महत्त्व आहे. तिची टोपी काळी, डोळाही काळा, आणि डोळा नेमका टोपीच्या कडेलाच. बुबुळात उजेडाचा ठिपका नसेल तर डोळा टोपीत बुडून जातो आणि फोटोत चेहराच उरत नाही. सूर्य पाठीशी, पण अगदी नाकासमोर सावली पडेल असा नको, १५-२० अंश बाजूला. पक्ष्याने मान उजेडाकडे वळवेपर्यंत थांबा. मान फिरली की दाबा.

उत्तरवारा

इथे वाऱ्याचाही हिशोब धरा. लहान पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतात आणि बसतात, नाहीतर वारा पिसांत शिरतो. इथे न्यू जर्सीत हिवाळ्यात वारा जास्त करून वायव्येचा. सकाळी सूर्य आग्नेयेला. सूर्य पाठीशी घेऊन वायव्येकडे कॅमेरा रोखला की सगळे पक्षी पाठ करून बसलेले! अशा दिवशी खांबाच्या नैर्ऋत्येला किंवा ईशान्येला सरका आणि बाजूचा उजेड पत्करा, नाहीतर वारा पडलेल्या दिवसाची वाट बघा. ढगाळ पण बर्फाळलेला, निवांत दिवस मला उन्हापेक्षाही जास्त पसंत आहे.

गणिती कवडा

एक्स्पोजरबद्दल. कॅमेऱ्याचा मीटर बर्फाला राखाडी करतो आणि पक्षी काळवंडतो. चौकटीत मागे बर्फ असेल तर एक्स्पोजर +१ ते +१⅓ (स्टॉपमध्ये; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). उलट मागे गडद स्प्रूस असेल तर मीटर उजेड वाढवतो आणि चिकडीचे पांढरे गाल उडून जातात. तिथे -⅓ ते -⅔. उजेड स्थिर असेल तर मॅन्युअलच बरं : उन्हातल्या बर्फावर स्पॉट मीटर धरून +१⅔ च्या आसपास सेटिंग लावा, मग मागे काहीही आलं तरी पक्षी बरोबर येतो.

कार्डिनल नर वेगळं प्रकरण आहे. साधा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटपाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनल आधीच भिंतीला टेकलेला असतो. मग छातीवरची पिसं न दिसता नुसता लाल गोळा मिळतो. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा, -⅓ ते -⅔ ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

शटर : बसलेल्या पक्ष्याला १/८०० ते १/१२५०. चिकडी बसलेली असली तरी मान सतत झटकते, म्हणून १/५०० वर बरेच फोटो वाया जातात. उडताना हवी तर १/३२००. कार्डिनल उजाडताना सर्वांत आधी आणि अंधारताना सर्वांत शेवटी येतो. तेव्हा १/२५० वर उतरावं लागतं, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत गेला तरी जाऊ द्या. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला येत नाही.

बर्फ पडत असताना : १/१५० च्या आसपास पडणाऱ्या भुरभुरीच्या रेघा होतात, १/१००० वर ठिपके. ऑटोफोकस जवळच्या कणांना पकडतो, म्हणून लेन्सवरचा फोकस लिमिटर (जवळच्या अंतरावरचा फोकस रोखणारं बटण) लावा आणि छोटा फोकस बिंदू घ्या.

पिवळी चोच

खाद्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. कुठला पक्षी फांदीवर येणार हे दाण्यावर ठरतं.

काळ्या तेलबियांचं सूर्यफूल, म्हणजे पातळ सालीचं, हा पाया. चिकडी, टिटमाउस, नटहॅच, कार्डिनल, हाउस फिंच सगळे खातात. सॅफ्लॉवर म्हणजे आपली करडई. कार्डिनल आवडीने खातात, ग्रॅकल आणि स्टार्लिंग सहसा फिरकत नाहीत, खारीही कमी येतात. नायजर म्हणून मिळतं ते आपलं कारळं, चटणीचंच. गोल्डफिंचसाठी. अमेरिकेत आयात होणारं कारळं उष्णतेची प्रक्रिया करूनच येतं, त्यामुळे खाली सांडलं तरी रुजत नाही. पण तेल खवट लवकर होतं. दोन बोटांत दाणा चिरडून बघा, तेलाचा डाग उमटला तर ताजं. कोरडी पूड झाली तर गोल्डफिंच बघूनही निघून जातात आणि आपण आठवडाभर फांदी बदलत बसतो. थोडं थोडंच आणा.

जंको आणि पांढऱ्या गळ्याची स्पॅरो जमिनीवरच खातात. त्यांना भगरीसारखं दिसणारं पांढरं मिलेट टाका. डाउनी वुडपेकर आणि नटहॅचला सुएट, म्हणजे गुरांच्या चरबीची वडी. उभा ओंडका घ्या, मागच्या बाजूने, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी इंचभर व्यासाची भोकं पाडा आणि त्यात सुएट दाबा. वुडपेकर बुंध्याच्या कडेने वर सरकत येतो, नटहॅच डोकं खाली करून उतरतो आणि मान सरळ बाहेर काढून बघतो. तीच त्याची मुद्रा. पाव, खारे दाणे, उरलेला भात यातलं काही नको.

हिरवी डहाळी

गोल्डफिंच फीडरवरून हलतच नाहीत, भोकाशी बसून अर्धा-अर्धा तास खातात. मी दोन भोकं सोडून बाकी टेपने बंद केली की उरलेले फांदीवर रांग लावतात. हा उपाय चालतो.

पिवळी चोच

चालतो, पण जरा जपून. चिकडीचं वजन ९ ते १४ ग्रॅम. कडाक्याच्या रात्री ती शरीराचं तापमान १० अंशांच्या आसपास खाली आणून ऊर्जा वाचवते आणि तरीही सकाळी चरबीचा साठा संपत आलेला असतो. गोल्डफिंचची कथाही फार वेगळी नाही. उणे १० च्या सकाळी पहिल्या दोन तासांत कुणालाही रांगेत उभं करू नये. भोकं बंद करायचीच असतील तर दहा वाजल्यानंतर, आणि परसात दुसऱ्या बाजूला पूर्ण भरलेला दुसरा फीडर टांगून. तसंच फोटोसाठी खाद्य मध्येच काढून घेणं आणि पुन्हा लावणंही नको.

त्या सकाळी पिसं फुगवून चेंडूसारखे झालेले पक्षी सुंदर दिसतात हे खरं. लांबूनच काढा, खिडकीआडून.

हिरवी डहाळी

पटलं. दुसरा फीडर लावते आणि सकाळी भोकं उघडीच ठेवते. गोल्डफिंच हिवाळ्यात मातकट-हिरवट असतात, पिवळे नर साधारण एप्रिलपासून, त्यामुळे घाई नाहीच.

उत्तरवारा

जागेबद्दल दोन गोष्टी, दोन्ही जिवाच्या. फीडर खिडकीपासून एकतर ३ फुटांच्या आत हवा, नाहीतर ३० फुटांच्या पलीकडे. ३ फुटांच्या आतून उडालेल्या पक्ष्याला काचेवर आपटण्याइतका वेग मिळत नाही. मधलं १०-१५ फूट अंतर सर्वांत घातक, आणि फोटोसाठी लोक नेमकं तेच निवडतात. ते निवडावंच लागलं तर काचेवर बाहेरच्या बाजूने २ इंचांच्या अंतराने ठिपके चिकटवा. फोटोपुरती एक खिडकी उघडी, बाकीच्या ठिपक्यांच्या. ससाण्याची एक चित्राकृती काचेवर लावून काही होत नाही, पक्षी तिच्या शेजारच्या मोकळ्या काचेवर आपटतात.

आणि झुडूप. कूपर्स हॉक (दिसायला आपल्या शिक्र्यासारखा, आकाराने मोठा) आला की लहान पक्ष्यांना पंखांच्या दोन-चार फटकाऱ्यांत आडोसा गाठता आला पाहिजे. फीडरपासून दहा-बारा फुटांवर दाट झुडूप बरं. अगदी खेटून असेल तर त्यात मांजर दबा धरतं.

पिवळी चोच

स्वच्छताही यातच धरा. दोन आठवड्यांनी एकदा फीडर रिकामा करून घासायचा, मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात, दहा मिनिटं बुडवून, भरपूर पाण्याने खळखळून, पूर्ण वाळवून मगच भरायचा. खालची टरफलं फावड्याने उचलायची. आपण लावलेली फांदीही बदलायची, तिच्यावर शिटाचा थर बसतो आणि फोटोतही तो दिसतो.

लेन्समधून आपल्याला सगळ्यांत आधी आजार दिसतो, याचा उपयोग करा. हाउस फिंचच्या पापण्या सुजलेल्या, डोळा चिकटलेला दिसला तर तो बहुधा मायकोप्लाझ्मा या जीवाणूचा संसर्ग असतो. १९९४ च्या सुमारास पूर्व अमेरिकेत हा हाउस फिंचमध्ये दिसू लागला. २०२०-२१ च्या हिवाळ्यात पाइन सिस्किनमध्ये साल्मोनेलाची मोठी साथ आली होती. असा पक्षी दिसला की सगळे फीडर उतरवा, धुवा, दोन आठवडे लावू नका. पक्षी पांगले की संसर्ग पसरायचा थांबतो.

तिसरा मजला

बॅटरी आणि दवाचं काय करता?

गणिती कवडा

बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, पण मरत नाही. एक आतल्या खिशात गरम ठेवायची, अदलाबदल करत राहायचं. घरात येण्याआधी, बाहेरच, कार्ड आणि बॅटरी काढून घ्या आणि कॅमेरा-लेन्स झिपच्या पिशवीत हवाबंद करा. दव पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरतं. दीड-दोन तास उघडू नका. कार्ड हातात असल्याने फोटो बघण्यासाठी पिशवी उघडायचा मोह होत नाही.

नाचण

पुण्यातून वाचतोय. इथल्या गच्चीवर यातलं काय लागू पडेल? दाण्याचा फीडर लावला तर फक्त कबुतरं.

पिवळी चोच

@नाचण, तिथे दाणा बंद करून पाणी ठेवा. आपल्याकडे हिवाळ्यात बागेत फिरणारे चष्मेवाला, शिंपी, वटवट्या, नाचण आणि स्थलांतर करून येणारे माशीमार हे किडे नाहीतर मधूवर जगणारे. दाण्याकडे ढुंकून बघत नाहीत, पाण्यावर मात्र येतात. मातीची पसरट परात, मध्ये एक ते दीड इंच पाणी, कडेला उथळ, आत एक खडबडीत दगड. वर बाटलीला बारीक छिद्र पाडून थेंब थेंब पडू द्या. थेंबाचा आवाज आणि हलणारं पाणी पक्ष्यांना लांबून खेचतं. परात वीतभरच रुंद ठेवा आणि वरून कुंडीतल्या झाडाच्या फांद्या येऊ द्या, कबुतराला उतरायला जागा राहत नाही. पाणी रोज बदला, डासांसाठी आणि पक्ष्यांसाठीही.

फांदीचा नियम तोच. परातीच्या फूटभर वर टेकायला एक डहाळी, तिच्यावर फोकस. आंघोळीनंतर पक्षी तिथेच बसून पिसं झटकतो. तेव्हा १/१०० ला पंखांची धूसर फिरकी आणि १/२००० ला उडणारे थेंब गोठलेले मिळतात. उणीव एकच, तिथला दुपारचा उजेड कडक असतो. सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर बसा.

हिरवी डहाळी

शेवटचा प्रश्न. जंको नेहमी वरून काढलेला दिसतो, नुसती राखाडी पाठ. बर्फात आडवं पडायची ताकद नाही.

रानजाई

आडवं पडायला नको. एक चार-पाच इंच जाडीचा, सालीसकट ओंडका विटांच्या दोन थप्प्यांवर किंवा एकावर एक रचलेल्या उलट्या बादल्यांवर ठेवून कमरेएवढ्या उंचीवर आणा. वरच्या अंगाला, मागच्या बाजूने एक खोलगट चर काढा आणि त्यात मिलेट भरा. चर कॅमेऱ्यातून दिसत नाही. जंको जमिनीवरचा असला तरी रुंद, सपाट ओंडक्यावर चढतो. पहिले दोन-तीन दिवस ओंडका जमिनीवरच ठेवायचा, मग रोज वीतभर वर चढवायचा. नवा बर्फ पडेल तेव्हा ओंडक्यावरचा पुढचा अर्धा थर झाडू नका, मागची फक्त चर मोकळी करा. जंको चरीकडे सरकताना त्या थरामागून डोकं वर काढतो. गुलाबी चोच, खाली पांढरं पोट आणि पायांशी न विस्कटलेला बर्फ, तिन्ही एका चौकटीत येतात. कॅमेरा ओंडक्याच्या पातळीपेक्षा दोन बोटंच वर ठेवा.